दहा किलो तेलाला सोडा किती

नातीची वही पुढ्यात ओढून मी म्हटलं, कॉलेजात जाऊन काय दिवे लावतेस ते बघू. दहा किलो तेल. साबणाला सोडा किती?

खरं तर पेच माझाच होता. शाळा दुसरीपर्यंत, पण चाळीस वर्षं या खोलीत साबण मीच केला. कॉस्टिक सोडा मगाने घालायचा, वडी सुकली की जिभेचं टोक लावायचं. सोडा जास्त झाला असेल तर जिभेला झटका बसतो. पण मोठ्या दुखण्यातून उठल्यापासून माझ्या जिभेला काही म्हणजे काही कळत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सुनेला तर नाहीच.

गेल्या महिन्यात नेहमीचं तेल मिळेना, म्हणून सुनेने दुसरं आणलं. मी त्याच्याही दहा किलोंना तेच तीन मग घातले, म्हणजे अठराशे ग्रॅम. त्या वड्या आज दुपारी बाळंतिणींच्या दवाखान्यात जायच्या होत्या.

नातीने नव्या डब्यावरचा कागद वाचला. किलोचे ग्रॅम केले, दहा हजार. त्यांना साडेआठशेने भागलं.

"हे मोल, आजी. वजन नाही, नग मोजायचे. या तेलाचा एक नग साडेआठशे ग्रॅमचा."

दहा किलो लिंबं आणि दहा किलो भोपळे, नग सारखे भरत नाहीत, एवढं मलाही कळतं, मी म्हटलं. मग तिने सोड्याच्या एका नगाच्या वजनाने, चाळीसने गुणलं. उत्तर आलं चारशे सत्तर.

"एवढ्याशा सोड्यात तेल नुसतं तरंगेल. लक्ष कुठे होतं तुझं?"

तिने वहीतल्या वरच्या ओळी बोटाने तपासल्या. "तीनने गुणायचं राहिलं. तेलाच्या एका नगाला सोड्याचे तीन लागतात."

चौदाशे बारा.

नवं तेल भोपळ्यांसारखं निघालं, नग जड, म्हणून कमी. मी जवळजवळ चारशे ग्रॅम सोडा जास्त घातला होता.

सून खोकी घेऊन आली. "आई, बघितल्यात ना वड्या?"

माझ्या 'हो'वर या घरात कुणी दुसरा शब्द काढलेला नाही. मी एक वडी तिच्यापुढे धरली.

"तू लाव जीभ."

तिने लावली आणि तशीच नळाकडे धावली. चूळ भरून आली, माझ्याकडे बघितलं. दवाखान्याला फोन करून म्हणाली, उशीर होईल.

पुढच्या घाण्याला सोडा मी काट्यावर तोलला, आकडा सुनेने वाचला. वड्या सुकल्यावर तिने जीभ लावली आणि मान डोलावली. मग मीही लावली. दगड चाटल्यासारखं.