तियाचे बारा फूट

सांता एडविना नगरपालिकेच्या कोठारात, वाळलेल्या रंगाच्या डब्यांमागे, भिंतीला टेकून एक जुने मोजणीचे चाक उभे आहे. ते मी. माझी मूठ झिजली आहे, रबराला भेगा पडल्या आहेत. पण मला जमिनीवरून ढकलत न्या, दर फुटाला मी अजूनही ‘टक्’ करीन आणि माझ्या दांड्यावरचा आकडा एकाने पुढे सरकेल. मित्रांनो, जन्मात मी दुसरे काही शिकले नाही. खोटे बोलणे तर नाहीच.

मी दूरच्या एका कारखान्यात घडले. खोक्यातून बाहेर काढले तेव्हा कॅलिफोर्नियाच्या या खोऱ्यात टोमॅटोचा हंगाम होता आणि रस्त्यावर भरल्या ट्रकांची रीघ लागली होती. मला ज्याच्या हाती दिले तो वेंडेल टीग एकोणीस वर्षांचा होता. नोकरीला लागून त्याला जेमतेम आठवडा झाला होता, आणि मला ढकलताना तो माझ्यापेक्षा जास्त डगमगत होता.

आमचे पहिले काम सीडर रस्त्यावरच्या शाळेसमोर निघाले. तिथे केशरी जाकीट घातलेली एक ठेंगणी बाई हातात लाल पाटी धरून ट्रक थांबवायची आणि मुलांना रस्ता ओलांडून द्यायची. तिचे नाव ओडेट बोर्बा. मुले तिला ‘तिया’ म्हणत. तिच्या पोर्तुगीज माणसांत मावशीला तिया म्हणतात. वेंडेलही लहानपणी तिच्याच हाताला धरून शाळेत गेला होता. तिची एक आरोळी साऱ्या गावाला पाठ होती. “सरळ चाला! नाकासमोर! तिरका रस्ता लांब पडतो!”

त्या शाळेचे कुंपण तेव्हा मागे होते आणि मुले रस्त्याच्या कडेलाच घोळक्याने उभी राहत. एकदा एका मुलाचे दप्तर ट्रकला अडकून फरफटत गेले. मुलगा वाचला, पण तियाने नगरपालिकेत जाऊन ठाण मांडले. “मला बारा फूट द्या,” ती म्हणाली. “जास्त नको. पोरांना कुंपणाच्या आत उभं राहू दे, म्हणजे मला घरी जाऊन झोप लागेल.” नगरपालिकेने आपल्या जागेची एक पट्टी शाळेला देऊन टाकली. ते बारा फूट मी मोजले, वेंडेलने खडूची रेघ मारली आणि कुंपण पुढे सरकले. तियाने माझ्या दांड्यावर थाप मारली. “गुणाचं आहे हो तुझं चाक!” त्या कौतुकावर मी पुढची कितीतरी वर्षे काढली.

मग रस्ते झाले, गटारे झाली, जत्रेतले मांडव झाले. वेंडेलचे केस पांढरे झाले, तो मोठा निरीक्षक झाला. तिया म्हातारी होऊन घरी बसली आणि तिला पोटाचा कर्करोग झाला.

आमच्या राज्यात तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर आजाऱ्याला औषध म्हणून गांजा मिळू लागला होता. त्याची दुकाने गावात कुठे असावीत, असावीत की नाही, हे मात्र ज्या त्या गावाने ठरवायचे होते. ग्लेन इशिदा नावाच्या शांत माणसाने शाळेसमोरून सरळ निघणाऱ्या गल्लीत, जुन्या न्हाव्याच्या जागेत असे एक दुकान काढले. गांजा म्हटले की नाक मुरडणारे आमच्याकडेही पुष्कळ होते. पण त्या दुकानाबाहेरच्या बाकावर मी कोणाला बसलेले पाहिले, ते सांगते. आमच्या तियाला. तिचे घर दुकानाच्या अगदी मागे होते. चालताना आधाराला धरायची चौकट टेकत टेकत ती तेवढे अंतर एकटी येई.

“तिया, आज काय गेलं पोटात?” ग्लेन विचारी.

“वाटीभर सोपास! पाव रश्शात अस्सा मऊ भिजलेला. आणि राहिली की रे पोटात!” ती हसे. “जन्मभर ट्रकांना थांब म्हटलं, आता वाटीला म्हणते, थांब बाई, बाहेर येऊ नकोस.”

उपचारांमुळे तिला आठ-आठ दिवस पोटात अन्न ठरत नसे. त्या दुकानातल्या औषधाने ते ठरू लागले होते. तिच्यासाठी ते दुकान म्हणजे एवढेच होते, एक वाटी जेवण.

पुढे शाळेतल्या मुलांच्या आईबापांना काळजी वाटू लागली. ती खोटी नव्हती. नगरपालिकेने नियम केला की शाळेच्या हद्दीपासून सहाशे फुटांच्या आत असे दुकान नको. असेल तर तीस दिवसांत बंद. मोजायला अर्थातच वेंडेल आणि मी निघालो.

कुंपणापासून दुकानाच्या हद्दीपर्यंत पाचशे त्र्याण्णव. वेंडेलने टोपी काढली, घाम पुसला आणि पुन्हा मोजले. पाचशे त्र्याण्णव.

तिसऱ्या खेपेला काहीतरी वेगळे झाले. वेंडेल पदपथाच्या या कडेवरून त्या कडेला जाऊ लागला. झाडाला उगीच वळसा घातला. माझा आकडा भराभर चढू लागला, आणि मित्रांनो, कबूल करते, मी मनात म्हणत होते, अजून जरा वाकडा चाल रे बाबा! सात फुटांचा तर प्रश्न आहे.

“वेंडेल!” बाकावरून हाक आली. “कोणी शिकवलं तुला असं चालायला?”

तो जागच्या जागी थांबला. “तिया, तू आत जा ना. ऊन आहे.”

“ऊन मला नवीन आहे होय? तिरका रस्ता लांब पडतो, हे मीच शिकवलं तुला. नाकासमोर ये.”

“नाकासमोर आलो तर सात फूट कमी पडतात.” तो म्हणाला. “ते तुझे बारा फूट, तिया. कुंपण जुन्या जागी असतं तर सहाशे पाच भरले असते.”

शाळा सुटली होती. कुंपणाच्या आत, त्या पट्टीवर, मुले दप्तरे सावरत उभी होती आणि समोरून टोमॅटोचा ट्रक धूळ उडवत गेला. तो जाईपर्यंत तिया पाहत राहिली.

“मग काय करू? परत मागू पोरांकडून?” ती म्हणाली. “सरळ चाल, बाळा. खोटा आकडा तुला पचायचा नाही.”

वेंडेल मागे फिरला, कुंपणापासून पुन्हा निघाला आणि सरळ चालत आला. पाचशे त्र्याण्णव.

नगरपालिकेच्या सभेत त्याने सात फुटांची सूट मागितली. नगराध्यक्षा म्हणाल्या, “आज सात सोडले तर उद्या सत्तर सोडा म्हणतील. मग नियम कशाला केला आपण?” त्यांचेही चुकले असे मला म्हणता येत नाही. तीस दिवसांनी दुकानाला कुलूप लागले.

दुसरे दुकान बेचाळीस मैलांवर होते. ग्लेन तियाला आपल्या गाडीतून दोनदा घेऊन गेला. वाटेत धक्क्यांनी तिचा जीव इतका कासावीस झाला की तिसऱ्यांदा ती हात जोडून नको म्हणाली. मी आणून देतो, असे तो म्हणाला. पण औषध तिचे तिलाच दुकानात येऊन घ्यावे लागे, तसा तिथला नियम होता. वेंडेल घरून सोपास घेऊन जाई. ती वास घेई, छान झालंय म्हणे आणि वाटी बाजूला सारी. बदामाच्या बागा फुलल्या तेव्हा ती गेली.

त्यानंतरच्या रविवारी वेंडेलने मला उगीचच बाहेर काढले. तियाच्या पायरीपासून दुकानाच्या कुलपापर्यंत तो मला घेऊन चालला. दोनशे दहा फूट. ते त्याने कुठेच लिहिले नाही, तसे कोणी सांगितलेही नव्हते. त्याने मला इथे टेकवले आणि पुन्हा हात लावला नाही. आता किरण सोडून मोजणारे यंत्र आले आहे. त्याला रस्त्यावरून चालावेही लागत नाही.

मित्रांनो, मुले अजूनही रोज त्या बारा फुटांत उभी राहतात, भांडतात, खिदळतात, आणि ट्रक बाहेरून निघून जातात. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती एखादा नियम येईल. मोजा. सरळच मोजा. पण आकडा लिहिण्याआधी दुसऱ्या टोकाच्या बाकावर कोण बसले आहे, ते एकदा बघून या. तुम्हाला बोलता येते. मलाही ती दिसत होती, पण मला फक्त ‘टक्’ म्हणता येत होते.