बूथवरचा खडा

नीलाबाई गेल्याचं वाडीला कळलं ते दुकानाच्या फळ्यांवरून. एरवी दिवस उगवायच्या आत सोमलिंगअप्पांच्या किराणा दुकानाची पहिली फळी निघायची. त्या दिवशी उन्हं पारावर आली तरी एकही निघाली नाही. मग नेकनूरहून एसटीने आलेल्या माणसाने सांगितलं, की बीडच्या दवाखान्यात बाई पहाटेच गेली.

पारावर बजरंग बसला होता. बद्रीनाथतात्या म्हणजे वाडीतले मोठे जमीनदार, आणि बजरंग त्यांचा उजवा हात. निवडणुकीत बूथ सांभाळायचं काम त्याचंच. तो हळहळला, तंबाखू मळली आणि शेजारच्याला म्हणाला, "लई वाईट झालं. पन एक हाय बे, आता आपलं बूथ साफ. खडा गेला."

हे बोलणं अप्पांच्या कानावर आलं तेव्हा ते बायकोला माती देऊन ओढ्यावर हात धूत होते. त्यांनी हात पुन्हा धुतले.

खडा म्हणजे काय, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. विधानसभेच्या मतदानाआधी महादेवाच्या देवळात ताट ठेवायचं, त्यात बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा. प्रत्येक उंबऱ्याच्या कर्त्या माणसाने त्यातली चिमूट उचलायची आणि शपथ घ्यायची, की आमच्या घरची मतं तात्या म्हणतील त्याला. ही रीत तात्यांच्या आजोबांपासूनची. उमेदवार बदलले, चिन्हं बदलली. एकदा तर अख्खा मतदारसंघच मोडला. पुनर्रचनेत वाडी उचलून शेजारच्या मतदारसंघाला जोडली. पण ताट तेच राहिलं.

पूर्वी मतपत्रिका मिसळून मोजायचे, तेव्हा कुणाचं मत कुठं गेलं याचा पत्ता लागत नसे. यंत्रं आली आणि बूथवार आकडा बाहेर पडायला लागला. वाडीचा आकडा कायम एकसारखा. सगळी मतं तात्यांच्या माणसाला आणि एक मत भलत्यालाच. तात्या म्हणायचे, "भाकरीत खडा लागतो राव!" खडा कोण, हे नीलाबाईंनी कधी लपवलं नाही. बोटाची शाई वाळायच्या आत त्या बजरंगला सांगायच्या, "दिलं बाबा, ज्याचा मानूस इथं ताट घेऊन आला न्हाई त्याला."

अप्पा घरी चिडायचे. "अगं, मी शपथ घेतलीय."

"तुमी घेतलीय. माझा हात माझ्याजवळ हाय."

वाडीत लिंगायतांची घरं मोजकी, आणि त्यांना पुरायला स्वतःची जागा नाही. ओढ्याकाठचा तुकडा तात्यांच्या आजोबांनी नुसता तोंडी दिलेला. नीलाबाईंना लिंगायतांच्या रीतीने तिथंच बसवून पुरलं होतं. त्यावर चौथरा बांधायचा म्हणून अप्पांनी घडीव दगड आणले. तात्यांनी ते आपल्या गोठ्याजवळ उतरवून घेतले.

"बांधू की अप्पा. घाई कावून? मतदान होऊन जाऊ द्या."

अप्पांना सगळं समजलं. त्यांनी मान हलवली आणि घरी आले. चुलीजवळ तिचा पाट होता. तो त्यांनी पुसला आणि परत तिथंच ठेवला.

मतदानाच्या आदल्या सोमवारी देवळात सगळे जमले. बजरंगने ताट पुढे केलं.

"अप्पा, यंदा पयला मान तुमचा."

अप्पांनी दोन्ही हात पाठीमागे धरले.

"कावून? हात दुखतो काय?" बजरंग हसला.

"हात चांगलाय. उचलायचा न्हाई."

तात्या खांबाला टेकून बसले होते, ते सरळ झाले. "अप्पा, दुःख हाय, आमाला समजतं. पन वाडीची अब्रू हाय ही. आमदारानं आपल्याला रस्ता दिला."

"दिला की. जुना मतदारसंघ होता तवा दिला, नवा झाला तवा बी दिला. तोच रस्ता."

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

"लई बोलायला लागलात. आधी तर गप उचलत होतात."

"तवा घरात न उचलनारं मानूस होतं. आता ते बी मीच."

तात्यांनी आवाज खाली आणला. "मग चौथऱ्याचं कसं करायचं?"

अप्पांचे हात पाठीमागेच राहिले. "जमीन तुमची हाय, तात्या. माझी बाई त्यात बसलीय. उठवता येतं का बघा."

ते चपला घालून बाहेर पडले. मागे ताट फिरलं. सगळ्यांनी उचललं.

मतदानाला अप्पा एकटेच गेले. बाहेर बजरंग उभा होता. अप्पांनी शाईचं बोट त्याच्या तोंडासमोर धरलं. "दिलं बाबा," ते म्हणाले, आणि पुढचं नीलाबाईंचं सगळं वाक्य त्यांनी जसंच्या तसं म्हटलं.

निकाल लागला. मतदारसंघात तात्यांचाच माणूस मोठ्या फरकाने आला. गुलाल उधळला, डीजे वाजला. वाडीच्या मतांनी निकालात काडीचाही फरक पडला नाही. पण वाडीचा आकडा आला आणि पारावर बजरंग ओरडला, "चार खडे? बे, चार? एक अप्पा धरला, बाकीचे तीन कोन?"

ज्याने त्याने आपल्या घराकडे पाहिलं.

दोन दिवसांनी तात्यांच्या बायको विमलबाई दुकानावर आल्या. कापूर मागितला. अप्पांनी पुडी बांधून दिली.

"अप्पा, देवळात बाप्यांनीच उचलला ना भंडारा?"

"व्हय. नेहमीसारखा."

"आमाला कुनी विचारलंच न्हाई," विमलबाई म्हणाल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गेल्या.

अप्पा त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. मग कितीतरी दिवसांनी हसले. हे घरात जाऊन सांगावं म्हणून उठले, आणि दारातच थांबले.

दगड अजून तात्यांच्या गोठ्याजवळ पडून आहेत. नीलाबाईंचा चौथरा बांधायचा राहिला आहे.