ह्यांची वाइनची परीक्षा

“आता डोळे मिटा आणि घोट घ्या,” मी म्हणाले.

आमचे हे स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ताठ बसले होते. मी हातात पेला दिला. त्यांनी घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि ओरडले, “हिरड्या आवळल्या! जीभ कोरडी पडली! रेड!”

“शाब्बास. बिनसाखरेचा कोरा चहा, उकळून उकळून काळाकुट्ट केलेला.”

“आणि लोक असलं काही हौसेनं पितात?”

“पितील नाही तर ओततील. तुम्ही आपलं वाढायचं काम करा.”

हे हॉटेलात वेटर. अख्खा जन्म त्याच हॉलमध्ये गेला. म्हातारे मालक घरी बसले, त्यांच्या सूनबाईंनी कारभार हातात घेतला आणि चहा-कॉफीच्या हॉलमध्ये वाइन आली. ती शिकवायला एक मास्तर आले आणि त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येक वेटरनं डोळे बांधून वाइनचे प्रकार ओळखायचे. जमलं तर हॉलमध्ये राहायचं, नाही तर मागे भांडी विसळायला जायचं. ह्यांना भांड्यांची लाज नव्हती, घरी मी घासायला लावतेच. पण तो काळा कोट अंगावर चढला की हे वेगळेच दिसतात. चालतातही वेगळे. मागे भांड्यांकडे कोट घालत नाहीत.

खरी गोम तर पुढेच होती. गेल्या हिवाळ्यातल्या तापापासून ह्यांना वास येत नव्हता. कसलाही नाही. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं आणि मला कळलंय हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मला कळलं ते दूध करपलं तेव्हा. जळका वास शेजारणीपर्यंत गेला, ती दार ठोठावत आली, आणि हे शेगडीशेजारी पेपर वाचत बसलेले! त्यानंतर ह्यांच्या दोन-दोन आंघोळी सुरू झाल्या. रोज संध्याकाळी शर्ट बादलीत. विचारलं तर म्हणे, “उकडतं गं.” भर थंडीत! मी गप्प बसले. माणूस एवढं झाकून ठेवतोय, तर आपण कशाला उघडं पाडा?

म्हणून मी ठरवलं, नाक सोडून सगळं शिकवायचं. मास्तर त्यांना सांगायचे, हे घरी येऊन मला सांगायचे आणि मी डबे उघडायची. रेडमध्ये काळ्या द्राक्षांची सालं रसातच मुरू देतात, म्हणून रंगही येतो आणि तुरटपणाही. तिच्यासाठी चहा. व्हाइटमध्ये सालं आधीच बाजूला काढतात. तिच्यासाठी बिनसाखरेचं लिंबूपाणी, तोंडाला पाणी सुटतं. फसफसणारीत गॅस बाटलीत कोंडलेला असतो, म्हणून त्याच लिंबूपाण्यात सोडा. गोड वाइनला द्राक्षं वेलीवरच सुकू देतात, मग साखर मागे उरते. तिच्यासाठी मी बेदाण्यांचा पाक केला. ओठाला ओठ चिकटला की समजायचं.

गुलाबीचं मात्र घोडं अडलं. तिच्यात सालं थोडाच वेळ ठेवतात आणि रंग चढला की काढून टाकतात.

“म्हणजे धड रेड नाही, धड व्हाइट नाही,” हे म्हणाले. “तुझ्या भावासारखी. इकडेही हो, तिकडेही हो.”

“माझ्या भावाला मध्ये आणायचं काम नाही,” मी म्हणाले आणि लिंबूपाण्यात चमचाभर चहा ओतला.

परीक्षेच्या दिवशी मला घरी बसवेना. जायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून मी ह्यांचा चष्मा लपवून ठेवला आणि मागाहून तो द्यायला गेले. डोळे बांधणार आहेत, तिथे चष्म्याचं काय काम, हे वाटेत लक्षात आलं. तरी गेले. हॉलच्या दाराशी उभी राहिले.

आधीच्या वेटरचं संपत आलं होतं. त्यानं शेवटचा ग्लास नाकाशी नेला आणि झटकन मान फिरवली. “ई! ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय!”

“बरोबर,” मास्तर म्हणाले. “बुचामुळे ही बाटली खराब झालीये. असली वाइन पाहुण्यांपुढे न्यायची नाही.”

पुठ्ठा काही मी शिकवला नव्हता.

मग आमच्या ह्यांना आणलं. डोळ्यांवर नॅपकिन बांधला. पहिला घोट घेतला आणि घाबरून ह्यांच्या तोंडून निघालं, “कोरा चहा!” हॉलभर हशा पिकला. “म्हणजे… रेड.” पुढे लिंबूपाणी, सोडा, पाक, सगळं आलं आणि सगळं बरोबर आलं. पाचव्या ग्लासाला मात्र हे अडले. गालात घोळवलं, गिळलं, पुन्हा घोट घेतला. मग चेहरा एकदम खुलला.

“मेहुणा!”

सूनबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. “म्हणजे गुलाबी… रोझे,” हे घाईनं म्हणाले.

मग तो शेवटचा ग्लास आला. ह्यांनी तो शिकवल्याप्रमाणे फिरवला, नाकाशी नेला आणि शांतपणे सगळा पिऊन टाकला. वर तोंड पुसून म्हणाले, “रेड. छान मुरलेली.”

कुणी हसलं नाही.

“काका,” सूनबाईंनी हळूच विचारलं, “वास नाही आला?”

ह्यांनी नॅपकिन स्वतःच सोडला. समोर मी दिसले, हातात चष्मा घेतलेली. मला वाटलं, आता सर्दीचं निमित्त सांगतील.

“नाही येत, सूनबाई,” हे म्हणाले. “तापापासून कशाचाच येत नाही.”

मला रडू आलं, आणि रागही आला. इतके महिने मला सांगितलं नाही आणि इथे भर हॉलमध्ये सांगून मोकळे!

सूनबाई आणि मास्तर थोडा वेळ आपसांत बोलले. मग सूनबाई म्हणाल्या, “बाटली उघडली की वास दुसरं कोणीतरी बघेल. तुम्ही हॉलमध्येच राहा. फक्त पाहुण्यांपुढे मेहुणा काढू नका.”

आम्ही घरी आलो. दार लावल्यावर हे म्हणाले, “म्हणून चहा आणि लिंबू होय! वासाचं एकदाही नाव काढलं नाहीस. तुला कधीपासून माहीत होतं?”

“दूध करपलं तेव्हापासून.”

“मग बोलली नाहीस ती?”

“तुम्ही बोललात?”

ह्यांनी कोट काढून नीट खुर्चीवर ठेवला. माझ्याकडे पाठ करून विचारलं, “माझ्या अंगाला वास येतो का गं? खरं सांग. पाहुण्यांजवळ वाकावं लागतं, आणि माझं मला कळत नाही.”

मी जवळ गेले आणि मानेपाशी नाक नेलं. साबण. कॉलरला इस्त्री. परत साबण.

“साबणाचा येतो,” मी म्हणाले. “तुमचा पार गेलाय. हिवाळ्यापासून मलाही आला नाही तो. मला चुकल्याचुकल्यासारखं होतं हो.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे आले, शर्ट काढला आणि बादलीत न टाकता खुंटीला टांगला. स्वतः हातपाय धुवायला गेले. मी इकडेतिकडे बघितलं आणि शर्टाला नाक लावलं.

“आला?” मोरीतून आवाज आला.

“आला,” मी म्हणाले.