चोविसावा कागद

डॉ. क्रॉलींनी एकोणिसावी सही ठोकली, कागद डावीकडे सरकवला आणि बोटाला लागलेली गुलाबी साखर चाटली. मग त्याच ओल्या बोटाने विसावा कागद उचलला.

इर्माने खिडकीकडे तोंड फिरवलं. सरोवरावरचा बर्फ कडेने काळा पडू लागला होता.

दर शुक्रवारी दुपारी ती डॉक्टरांच्या खोलीत पर्शियनचा खोका घेऊन यायची. साखरेचा गुलाबी थर दिलेले ते तळलेले पाव समोर ठेवले की हाडांचे सर्जन सह्यांना बसत. बसवलेला सांधा वर्षभराने कसा चाललाय, हे रुग्णाला विचारून प्रांताच्या नोंदवहीत कळवायचं, असा नियम होता. ते फॉर्म गोळा करणं ही इर्माची नोकरी.

"ही नोंदवही वाचतं तरी का कुणी?" सोफ्यावर आडवे झालेले डॉ. मार्केटी म्हणाले.

"वाचतात की. गेल्या वर्षीच्या शोधनिबंधावर माझं नाव होतं. तुझं नव्हतं. चाळीसच फॉर्म दिलेस तू."

"म्हणजे नावासाठी चाललंय सगळं!"

"नावासाठी, अन् इर्माच्या खोक्यासाठी. काय गं इर्मा?"

इर्मा हसली नाही. ती कागद मोजत होती. आडनावांच्या क्रमाने लावलेल्या त्या गठ्ठ्यात चोविसावा कागद टॉइवो लेहतोंचा होता. तिच्या वडिलांचा. फिनिश घरातल्या रीतीने ती त्यांना 'इसा' म्हणायची. मागच्या एप्रिलमध्ये त्यांचा खुबा क्रॉलींनीच बदलला होता. अकरा आठवड्यांनी, आत पू होऊन, विष रक्तात भिनून इसा गेले. क्रॉलींनी शोकपत्र पाठवलं होतं, स्वतःच्या अक्षरात. सकाळी छापताना तो फॉर्म तिला बाजूला काढता आला असता. तिने काढला नाही. हा हात एकदा तरी थांबतो का, एवढंच तिला बघायचं होतं.

बावीस. तेवीस.

पेन चोविसाव्यावर टेकलं. क्रॉली मार्केटींना त्यांच्या बोटीचं काहीतरी विचारत होते. सही झाली. कागद डावीकडे गेला.

इर्माने तो उचलला. दुखणं: नाही. संसर्ग: नाही. चालणं: व्यवस्थित. कोपऱ्यात अंगठ्याचा चिकट गुलाबी ठसा. त्याचा गोडसर वास नाकाशी आला, आणि तिला इसाच्या पट्ट्यांचा वास आठवला. तोही शेवटी शेवटी असाच गोडसर झाला होता. सॉनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, तीन पायऱ्या चढवेनात म्हणून ती बादलीभर गरम पाणी खोलीत नेऊन त्यांना पुसून काढायची.

"डॉक्टर, हे कोण?"

क्रॉलींनी नाव वाचलं. त्यांच्या तोंडातला घास तसाच राहिला.

"अरे देवा. इर्मा... फाड तो. नवा काढ."

"तुम्ही सही केलीत."

"सही केली, मान्य. पण खुणा मी कुठे केल्या? त्या छापूनच येतात ना!"

मार्केटी उठून बसले. हातातलं पर्शियन त्यांनी खोक्यात परत ठेवलं.

छापूनच येत होत्या. तीन वर्षांपूर्वी शंभरातले अडतीस फॉर्म जेमतेम भरून यायचे. चांगल्या खुणा आपणच आधी छापून देऊ, डॉक्टरांनी बिघडलं असेल तेवढंच बदलावं, असं बैठकीत इर्मानेच सुचवलं होतं. वर्षभरात आकडा सत्त्याण्णववर गेला. तिच्यासाठी केक आला, त्यावर साखरेने सत्त्याण्णव काढलेलं. एक तुकडा तिने घरी नेला होता.

"म्हणजे शंभरातली सत्त्याण्णव माणसं बरी झाली?" इसांनी खाता खाता विचारलं होतं.

"माणसं नाही हो, फॉर्म," ती हसून म्हणाली होती.

इर्माने खोक्याचं झाकण लावलं. सह्या झालेले आणि न झालेले सगळे कागद गोळा करून ती बाहेर गेली. परत आली तेव्हा तोच गठ्ठा नव्याने छापलेला होता. चौकटी रिकाम्या होत्या. तिने तो क्रॉलींपुढे ठेवला आणि टेबलावरचा फोन त्यांच्याकडे सरकवला.

"पहिल्या अल्टोनेनबाई. नंबर वर आहे."

"आत्ता? पन्नास जणांना?"

"एकेकाला."

क्रॉलींनी तिच्याकडे पाहिलं, मग गठ्ठ्याकडे. रुमालाने बोटं पुसली; पुन्हा पुसली.

"आणि... चोविसावा?"

"त्यावर माझाच नंबर आहे," इर्मा दाराशी थांबून म्हणाली. "करा. मी उचलेन."