किमचीच्या दिवसाची पाठदुखी

मुलं नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली की घरातली ताटं कमी होतात, पण आईच्या हाताचा अंदाज काही कमी होत नाही. कोरियातल्या हेनाम गावच्या मल्सुनबाईंचं तेच झालं. नवरा कधीच वारला होता, एकुलती एक बोराम बुसानला जहाजांच्या कारखान्यात लागली होती, तरी हिवाळ्याच्या किमचीसाठी, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्यासाठी, बाईंनी कोबी आणले ते भरल्या घराला पुरतील एवढे. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, यंदा किमचीला जमणार नाही गं. शुक्रवारी मोठ्या साहेबांपुढे माझं पहिलं काम मांडायचंय."

सगळी आळी जमते तो किमचीचा दिवस आणि लेक नाही! आळीतल्या बायका काय म्हणतील? बाईंच्या तोंडून निघून गेलं, "बरं. उठता आलं तर एकटीच घालीन. पाठ धरलीये, कूससुद्धा बदलवत नाही."

पाठ ठणठणीत होती. लेक काम उरकून शुक्रवारी रात्री पोचेल, तेवढ्यापुरतं अंथरूण धरू, असा बाईंचा बेत होता.

शुक्रवारी सकाळी अंगणात बायका मिठातल्या कोबीच्या पानापानांत तिखट मसाला भरत बसल्या होत्या. मल्सुनबाई ओली टोपली कमरेवर घेऊन तरातरा फिरत होत्या.

"बोरामची आई, जरा दमानं! लेकीच्या लग्नात नाचायचंय अजून," कोणीतरी म्हणालं.

"नाचेन की! माझ्या पाठीला काय धाड भरलीये?"

त्या खदाखदा हसल्या आणि वळल्या, तर फाटकात बोराम उभी. एका हातात पाठीला लावायच्या पट्ट्या, दुसऱ्या हातात कापडात बांधलेली पेटी.

"आई, उठलीस तू? बरं वाटतंय?" पोरीचा चेहरा आधी उजळला. मग तिनं ती टोपली पाहिली, मसाल्यानं लाल झालेले हातमोजे पाहिले.

"तुझं ते काम?" बाईंनी कसंबसं विचारलं.

"दुसरा कोणी तरी मांडेल. साहेब म्हणाले, आईपेक्षा काम मोठं नाही, जा." तिनं पेटी ओट्यावर ठेवली. "ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून तुझ्यासाठी नासपती दिल्यात."

मल्सुनबाईंना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं! न पाहिलेल्या माणसांनी आपल्या खोट्या दुखण्यासाठी फळं पाठवावीत, याची त्यांना भयंकर लाज वाटली. त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. मागोमाग शेजारच्या ओक्बुन आजी आल्या.

"मला मेलीला करमत नव्हतं हो, आजी."

"मग करमत नाही असं सांगायचं! दुखणं कशाला सांगितलंस? त्यानं लेक येते, पण भिऊन येते. किमचीचं मडकं रोज उघडून बघतेस का?"

"छे! नासेल ना."

"कळतंय की तुला. लेकीचंही तेच. मन लावून घातलीस, झाकण लावलंस, आता हात आवर."

"आणि दिवसभर करू काय मी?"

"माझ्याकडे ये. माझी तिन्ही मुलं शहराला गेली तेव्हा मी भिंतींशी भांडत बसायचे. तू निदान उलट तरी बोलशील."

मल्सुनबाईंनी डोळे पुसले आणि अंगणात आल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बोराम, माझी पाठ दुखत नव्हती. तू यावंस म्हणून मी खोटं बोलले!"

"कळलं मला ते." बोराम हातमोजे चढवून कोबीपाशी बसली. मान वर न करता तिनं विचारलं, "पण आई, उद्या खरंच दुखलं तर मी कसं ओळखायचं?"

त्याच क्षणी बाई बदलल्या.

किमची एक दिवस उशिरा झाली तरी चालेल, म्हणत त्यांनी लेकीला दुपारच्याच बसनं परत धाडलं. नेहमीच्या भल्यामोठ्या डब्याऐवजी तिला एकटीला पुरेल एवढीच किमची दिली. 'आता कधी येशील?' हे ओठांवर आलेलं बाईंनी गिळलं.

संध्याकाळी फोन वाजला. "पोचले गं. पाठ कशी आहे?" आवाजात चिडवणं होतं, पण थोडा रागही होता.

"पाठ बरी आहे." मग बाईंनी सांगूनच टाकलं, "घर मात्र खायला उठतं, बाळा."

"हे आधी का नाही सांगितलंस, आई?"

वाचकहो, मुलं दूर गेली की जीव तुटतोच, त्यात लाज कसली? लाज वाटावी ती दुखण्याचं सोंग घेऊन त्यांना ओढून आणण्याची. एकटं वाटतं, तर तसंच सांगा. म्हणजे ज्या दिवशी खरंच पाठ धरेल, त्या दिवशी तुमच्या हाकेवर विश्वास ठेवणारं कोणी तरी असेल.