फालतू ओळ

आमच्या खंडेराव शेठना 'नाही' म्हणता येत नसे आणि त्याचे भोग मी भोगायचो. १९९८ साली अंबडच्या त्यांच्या कारखान्यात आम्ही पत्रा कापणाऱ्या प्रेस आणि त्या चालवणारे कंट्रोलर बनवायचो. प्रोग्राम दोन भाषांत लिहिलेले, चिप तीन तऱ्हेच्या. या सगळ्यांना चालेल असा एकच कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा, मी दोन वर्षं घडवत होतो. तिसरी चिप कुठे जमत आली, तर शेठ गिऱ्हाइकाला चौथी कबूल करून आले. डोकं पिकलं होतं.

त्यात चिपमध्ये जागा टीचभर. म्हणून माझा कंपायलर फालतू ओळी गाळायचा, आणि त्याचा मला भारी माज होता. त्यावर चालणारी पहिली प्रेस सोमवारी गिऱ्हाइकाकडे जाणार होती. ती गेली नाही तर तुमचा कंपायलर गुंडाळून बाहेरून विकत आणू, असं शेठनी तोंडावर सांगितलं होतं.

शनिवारी चाचणीला मंगलाबाई बसल्या. वीस वर्षं पत्रा कापणारी बाई. नवा प्रोग्राम असला की त्या आधी लाकडाची फळी आत सरकवत. वेळ जातो म्हणून मी दोनदा कुरकुरलोही होतो. समोरची लोखंडी जाळी उघडली की प्रेस थांबायला हवी. त्यांनी जाळी उघडली, फळी सरकवली. प्रेस खाली आली आणि फळीचे दोन तुकडे झाले.

कारण तासाभरात सापडलं. जाळी बंद आहे का, हे प्रोग्राम दर फेरीला विचारायचा. उत्तर बदलेल असं प्रोग्राममध्ये काहीच दिसत नव्हतं, म्हणून माझ्या कंपायलरने एकदाच विचारलं आणि पुढचं विचारणं फालतू समजून गाळलं. जाळी माणूस उघडतो, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

दुपारपर्यंत मी दुरुस्ती केली. झालं ना, टेम्पो सांगून ठेवू का, असं शेठनी विचारलं. मी हो म्हणालो.

मंगलाबाई मात्र स्टुलावर बसेनात.

"साहेब, झालं म्हनता ना? मग आता पयला हात तुमी घाला."

मी जाळी उघडली. हात काही पुढे जाईना. शेठ बघत होते, मंगलाबाई बघत होत्या. शेवटी मी जाळी बंद केली.

"शेठ," मी म्हणालो, "सोमवारी प्रेस जाणार नाही."