मोजलेली खडी

१९८७च्या उन्हाळ्यात बलभीम कांबळे माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात कागदाची एक लांब पट्टी होती. दोन्ही कडांना भोकं असलेला तसला कागद मी पहिल्यांदाच पाहत होतो. वरच्या बाजूला एक काळा डाग होता.

"गुरुजी, हे काय असेल, ओळखा."

"चेंगरलेलं झुरळ," मी म्हणालो आणि जीभ चावली.

"आमच्या कंपनीचं चिन्ह आहे," बलभीम म्हणाला.

बलभीम माझा विद्यार्थी. पुण्याला कॉम्प्युटर शिकून तो मुरुमला परत आला आणि व्यंकट नावाच्या मित्राला घेऊन बाजारपेठेत एका खोलीत त्याने 'अचूक' ही कंपनी काढली. कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचे आणि संस्थांना द्यायचे, असा धंदा. गावाला वाटायचं तिथे टीव्ही दुरुस्त होतात. दोघे जण टीव्ही डोक्यावर घेऊन जिना चढलेही होते.

चिन्ह व्यंकटच्या मेहुण्याने काढलं होतं. त्यात वीणा होती, उघडं पुस्तक होतं, उगवता सूर्य आणि मोर होता. पण त्यांच्या प्रिंटरला म्हणे नऊ सुया. त्या शाईच्या फितीवर आपटतात आणि कागदावर ठिपके उमटवतात. रेघ अशी त्याला येतच नाही. मोर त्या ठिपक्यांत बुडून मेला होता.

"दूध संघाचं काम मिळतंय," बलभीम म्हणाला. "बेचाळीस गावं. दूध घालणाऱ्या प्रत्येकाला दर आठवड्याला छापील पावती. लिटर किती, फॅट किती. पावतीवर, लेटरहेडवर, दारावरच्या बोर्डवर एकच चिन्ह पाहिजे. नवीन. तुम्ही काढा."

मी म्हणालो, मला जमणार नाही. हे मी प्रत्येक कामाला म्हणतो आणि मग ते काम करतो. सव्वीस वर्षं चित्रकला शिकवली, पण स्वतःला चित्रकार म्हणवून घ्यायची छाती झाली नाही. चित्रांपेक्षा मी पुस्तकांत जास्त रमलो. आमच्या भागात माझं एकच चित्र सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते माझं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दातेरी चाक, चाकात जोडलेले हात, दोन्ही अंगांना ज्वारीची कणसं. आमच्या भागातले सहकारी पुढारी नानासाहेब, त्यांच्या पतसंस्थेसाठी चौऱ्याहत्तरला काढलं. मग पत्र्यात कापून त्याचा साचा केला. पुढे त्यांच्या खरेदी-विक्री संघावर, शाळेवर, वसतिगृहावर आणि दूध संघावर तोच साचा ठेवून मी रंग फिरवत गेलो. प्रत्येक वेळी वाटायचं, या वेळी वेगळं काही काढू. ते सांगायचे, "मास्तर, चाकच बरं." मी बरं म्हणायचो.

आठवडाभर बलभीमने दिलेल्या चौकटीच्या वहीत ठिपके भरत बसलो. एक चौकट म्हणजे एक ठिपका. घडा काढला तर फुटबॉल दिसला. तराजू काढला तर चष्मा. शेवटी वही परत द्यायला म्हणून भीमनगरात बलभीमच्या घरी गेलो. तो नव्हता. त्याची आई भिमाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"मास्तर, तोंड का असं? पोरानं मारलं का काय?"

मी वही दाखवली. तिने ती उलटी धरली, मग सुलटी धरली.

"हे बरं हाय की. खडी हाय नव्हं?"

"तराजू आहे."

"तराजू कुठं असा असतो? ही खडीच हाय. म्या दोन वर्सं फोडली जळकोटच्या रस्त्याला, मला सांगता व्हय!" ती हसली. "पण ह्याला चुना न्हाय. चुना नसला तर ही खडी कुणाचीच न्हाय."

मी विचारलं, चुना कसला?

तिने सांगितलं ते असं. बहात्तरच्या दुष्काळी कामावर बायका टोळीने खडी फोडायच्या. ढीग चारी बाजूंनी नीट रचायचा. कारकून लाकडी चौकट लावून मोजायचा आणि मोजून झालं की ढिगावर चुन्याचं पाणी शिंपडायचा. पांढरं पडलं की तो ढीग मोजलेला. त्यातला एक दगड कुणी हलवला तरी दिसायचं.

"एक डाव त्यानं मोजलं अन् चुना न टाकता निघाला. म्हटला, उद्या टाकतो. उद्याच्याला आमचा ढीग दुसऱ्या टोळीच्या नावावर. फुडल्या खेपंला म्या ढिगावरच बसले. म्हटलं, चुना टाक, मग उठते. त्यो म्हटला, बाई, ऊन लागंल. म्हटलं, लागू दे, तुला बी लागंल."

"मग?"

"मग काय? माझ्या लुगड्यासकट चुना टाकला मुडद्यानं!"

त्या दुपारी मी एका बैठकीत चिन्ह पुरं केलं. खाली रुंद, वर निमुळता, माथा सपाट असा ठिपक्यांचा ढीग. आणि माथ्याजवळ काही ठिपके मुद्दाम रिकामे सोडले. तो चुना. शाईच न लावता उमटणारा. बलभीमने ते प्रिंटरवर काढलं. सुया करकरल्या आणि कागद वर सरकला. ढीग स्वच्छ उमटला होता. रुपयाएवढा केला तरी वाचता येत होता, पावलीएवढा केला तरी. आईची हकीकत बलभीमला ठाऊक होतीच. तो इतकंच म्हणाला, "हेच."

आता माझी चूक सांगतो. संस्थांची कामं करणारे आम्ही लोक एक सवय लावून घेतो: चेअरमनसमोर जाताना एक कागद आपला आणि एक त्यांना आवडेल असा. पहिला नापसंत झाला की लगेच दुसरा पुढे करायचा, म्हणजे हात हलवत परत यावं लागत नाही. दूध संघाचे चेअरमन नानासाहेब चिन्ह बघायला खोलीवर येणार होते. मला ना कुणी सांगितलं, ना कुणी विचारलं. तरी मी दुसरा कागद केला. चाक, हात, कणसं, आणि चाकाच्या मध्ये एक छोटा कॉम्प्युटर.

नानासाहेब आले. पंख्याखाली बसले, चहा घेतला. माणूस गोड बोलणारा. पहिला कागद त्यांनी हातभर लांब धरला.

"मास्तर, हे काय?"

"खडीचा ढीग," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"खडी? अहो, दुष्काळ संपवायला आमचा जन्म गेला आणि तुम्ही त्यो दारावर टांगता? लोक म्हणतील, ही कंपनी का रस्त्याचा गुत्तेदार?" व्यंकट मोठ्याने हसला. नानासाहेबांची नजर माझ्या हातातल्या गुंडाळीकडे गेली. "त्यात काय हाय?"

मी दुसरा कागद दिला. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप पुढे झाला.

"हां! हे कसं, आपल्यातलं वाटतं. बेचाळीस गावांत चाक दिसलं की लोक वळखतात, नानासाहेबांचं हाय. साचा हाय ना तुमच्याकडं? तासाभराचं काम."

"तासभर तरी कशाला," व्यंकट म्हणाला, "आजच मारून टाकू."

बलभीमचं तोंड उतरलं होतं. तो माझ्याकडे वळला. "गुरुजी, दोन्ही कागद तुमचे. कुठला लावायचा, तुम्ही सांगा."

चिन्हाबद्दल मला कुणी कधी विचारलं नव्हतं. रंग कुठला, डबे किती, एवढंच विचारत. मी उठलो. उभं राहून बोलायची सवय वर्गातली. बसून मला बोलताच येत नाही.

"चाक लावायचं नाही," मी म्हणालो.

"का बरं?" नानासाहेब अजून हसतच होते.

"दूध तुमचा संघ घेणार. मोजून पावती ही पोरं देणार. दोघांच्या कागदावर एकच चाक असलं तर मोजणारा कोण आणि घेणारा कोण, हे दूध घालणाऱ्या बाईला कसं कळावं? तिने पावतीवर विश्वास कशाच्या बळावर ठेवावा?"

नानासाहेबांनी हातातला चाकाचा कागद माझ्याकडे वळवला.

"मास्तर, चाक तुमच्याच हातचं हाय की."

"हो. पाच ठिकाणी मीच मारलं. सहाव्या ठिकाणी मारणार नाही. दुसऱ्या कुणालाही मारू देणार नाही." हे वाक्य कुठून आलं ते मला आजही कळलेलं नाही. दुसऱ्याला अडवायचा मला काय अधिकार होता? पण मी दुसरा कागद त्यांच्या हातातून घेतला, चार तुकडे केले आणि सदऱ्याच्या खिशात घातले. खाली टाकायचं धाडस झालं नाही. खोली झाडलेली होती.

नानासाहेब उठले. चप्पल घालता घालता बलभीमला म्हणाले, "चिन्ह तुमचं, मर्जी तुमची. पावत्या आमच्या, त्यांचं काय करायचं ते आमी बघू." जिन्यावर त्यांचा आवाज चढत नव्हता, उतरतच होता, पण प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "म्हातारपणी वाचनाचा तरास व्हतो मानसाला."

व्यंकट माझ्यावर तुटून पडला. बेचाळीस गावं घालवलीत, म्हणाला. तुमचं काय जातंय, पेन्शन चालू आहे. त्याचं चुकलं नव्हतं. मी खाली मान घालून ऐकलं. माझं सगळंच चुकलं असेल, असं मला वाटत होतं, आणि तरीही तुकडे खिशातून काढून जोडायला मी तयार नव्हतो.

"कंपनीतून माझं नाव काढा मग," व्यंकट शेवटी म्हणाला.

"नाव राहू दे," बलभीम म्हणाला. "जळकोटच्या दूध सोसायटीनं विचारलंय. तीस घरं आहेत. तिथनं सुरू करू." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "गुरुजी, बोर्ड कधी रंगवता?"

"आज."

तो सोमवार, बाजाराचा दिवस. भर बाजारात शिडी लावून मी ठिपके मारायला घेतले. दोनशेच्या वर ठिपके होते. काही वाकडे झाले, ते पुसून पुन्हा मारले. खाली लोक थांबत होते. केळीवाले महालिंगप्पा म्हणाले, "मास्तर, लाडवाचं ताट का हो?" कुणी म्हणालं, मुंग्यांचं वारूळ. शाळेत माझ्या हाताखाली शिकलेला एक जण ओरडला, "गुरुजी, चाक इसरलात!"

एरवी असं कुणी बोललं की मी शिडीवरून उतरतो, दूर जाऊन बघतो, आणि त्यांचं खरं वाटून चित्र बदलतो. त्या दिवशी ब्रश हातातच ठेवला. जो जो विचारेल त्याच्याकडे वळून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगत राहिलो: खडी आहे. मोजलेली आहे.